दुखत नाही तरी

नारीनहून फोन आला तेव्हा
साइराकान घोडीच्या खुरातला बर्फ उकरत होती.
"तुमच्या सात नंबरच्या बाटलीत उगवलंय,"
प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली,
"एक लाखाच्या वर."
मग औषधांची नावं वाचत गेली,
कुठलं चालेल, कुठलं नाही,
कुठलं चाललं असतं, पण पोटुशीला नाही.

सात नंबर म्हणजे आसिलकान.
अठ्ठावीस आठवडे. ताप नाही. जळजळ नाही.
कंबर दुखते, पण ती तर
ओढ्यावरून बादल्या आणणाऱ्या
गावातल्या प्रत्येकीचीच दुखते.

मी ज्या भाषेत हे लिहिते आहे
तिच्यात या दुखण्याला उन्हाळी म्हणतात.
उन्हाळी लागली, बायका एकमेकींच्या कानात सांगतात
आणि धण्याचं पाणी पितात.
इथे पारा उणे बावीस.
इथे म्हणतात, गार दगडावर बसली असशील.
दोन्हीकडे दोष हवेचा,
आणि थोडासा बाईचा.

सोमवारी साइराकानने पुडी दिली.
एकच. एकदाच घ्यायची.
शुक्रवारी सहज डोकावली तर
पुडी चहाच्या डब्यामागे, तशीच,
एक कोपरा जरासा चिरलेला.
कुणीतरी फाडायला घेतली होती
आणि मग हात थांबला होता.

"दुखत नाही ना तिचं?" सासू म्हणाली, बुरुलचा.
"मग न दुखणाऱ्या पोटात
कशाला घालायचं औषध?
आत जीव आहे."

साइराकान काही बोलली नाही.
बूट काढून बसली. चहा प्यायली, तीन पियाले.
आसिलकान भिंतीला टेकून
लोकर पिंजत होती, मान खाली घालून,
जणू बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

एकतीस वर्षांपूर्वी साइराकानच्या धाकट्या बहिणीचंही
काही दुखत नव्हतं.
मग एका रात्री हुडहुडी भरली,
पाठीत, बरगडीखाली, बोट लावू देईना.
खिंड बंद होती.
पहाटे मूल आलं, दोन महिने आधी.
सगळी नखं होती त्याला.

ही गोष्ट साइराकान
कुठल्याही गरोदर बाईला सांगत नाही.
आताही सांगितली नाही.
फक्त पियाला पालथा ठेवला
आणि बुरुलचाकडे पाहिलं.

ते मूल लोकरीत गुंडाळणारे हात
बुरुलचाचे होते.

बुरुलचा उठली.
ग्लास घेतला, पदरासारख्या रुमालाच्या टोकाने
आतून पुसला. उजेडात धरून पाहिला.
पुन्हा पुसला.
"जेवल्यावर चालेल?"
"जेवून दोन-तीन तास होऊ देत.
आणि आधी बाहेर जाऊन येऊ दे तिला."

बाहेर म्हणजे चाळीस पावलं,
अंगणाच्या टोकाला, फळ्यांची खोली,
फटींतून येणारा वारा.
आसिलकान संध्याकाळपासून पाणी पीत नाही
आणि रात्रभर दाबून धरते,
हे त्या रात्री कळलं. कुणी विचारलंच नव्हतं.

तिघी निघाल्या.
पुढे सासू, हातात कंदील,
मध्ये ती, पोट सावरत,
मागे साइराकान, घसरलीच तर धरायला.
कुत्रं एकदा भुंकलं,
मग त्यालाही काही विशेष वाटलं नाही.

परत आल्यावर पुडी पाण्यात पडली.
पांढरे दाणे, ढवळलेलं, जरा गढूळ.
आसिलकानने डोळे मिटून घेतलं, एका दमात,
मग डोळे उघडले, चकित.
"नारंगी," ती म्हणाली.
"नव्या वर्षाच्या रात्री आणतात तशी."

आठवड्याने पुन्हा बाटली.
गाडीवाल्या मेदेतने ती सीटखाली ठेवली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाच्या तरी मटणाशेजारी,
काय आहे ते न विचारता.
या दरीत सगळे वाट पाहतात ती
काहीतरी उगवण्याची.
नारीनला एका काचेच्या बशीत
काहीच उगवू नये म्हणून
तीन बायका थांबल्या आहेत.

फोन अजून आलेला नाही.
कंदील मात्र आता कोठारात जात नाही.
दाराशीच असतो, खिळ्याला,
तेल भरून,
आसिलकानचा हात पोचेल इतक्या उंचीवर.